उपाशी कलम

तोंडी परीक्षेत शिवलीला औरादे पास झाल्या, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांची एमबीबीएसची जागा पक्की झाली, आणि निकाल सांगितल्याबरोबर तिन्ही परीक्षक एकमेकांकडे न बघता कँटीनच्या दिशेने धावले.

आता हे झालंच नाही असं समजायचं. परीक्षा अजून व्हायची आहे. परीक्षक आपापल्या घरी सुखाने जेवताहेत. आणि शिवलीलाबाई लातुरात, औसा रोडच्या मागच्या गल्लीत, स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून फोनवर दिराची समजूत घालताहेत.

"वहिनी, कुठलं कलम लागलंय तुम्हाला? जामीन हाय ना त्याला?"

दीर विरूपाक्ष उदगीरला कोर्टात कारकून होते. कलम म्हटलं की त्यांना एकच अर्थ सुचायचा.

"भावजी, लागलं नाही. केलंय. डोक्यात."

"डोक्यात? कुणी मारलं?"

"मारलं नाही हो! आंब्याला करतात तसं कलम. सरकारनं केलंय."

मग विरूपाक्ष हलक्या आवाजात म्हणाले, "सरकारनंच केलंय म्हटल्यावर वकील तरी काय करणार!"

प्रकरण खरं म्हणजे साधं होतं. राज्यात डॉक्टर कमी पडायला लागले होते. बारावीची पोरं पास व्हायची, पुढे शिकत राहायची आणि शिकता शिकता परदेशी निघून जायची. तेव्हा शासनाच्या ध्यानात आलं की चाळिशी ओलांडलेला माणूस सहसा कुठे जात नाही. त्याला गुडघे असतात. मग पदवीधर प्रौढांसाठी वैद्यकीय प्रवेशाचं मागचं दार उघडण्यात आलं. योजनेला नाव दिलं 'उत्तरायण'. भीष्म उत्तरायणाची वाट कशासाठी बघत होते, हे मंत्रालयात कुणी बोललं नसावं.

पण चाळिशीनंतर पाठांतर होत नाही. त्यासाठी स्मृतिकलम.

माणूस झोपला की मेंदू दिवसभराचं शिकलेलं पुन्हा वाजवून बघतो. जागेपणी पेशींच्या ज्या साखळ्या पेटल्या, त्याच झोपेत भराभर पेटतात, आणि तेवढ्यानेच वाट पक्की होते. शास्त्रज्ञांनी काय केलं, तर एखाद्या चांगल्या डॉक्टराला त्याचा पहिल्या वर्षाचा अभ्यास आठवायला लावला, त्याला झोपवलं आणि मेंदूची ती उजळणी टिपून घेतली. मग शिकणाऱ्याच्या डोक्यावर चुंबकाची टोपी चढवून त्याच्या पेशींना झोपेत तोच ठेका दिला, रोज थोडा थोडा. दात्याचं काही कमी होत नाही. घेणाऱ्याच्या पेशी आपली वाट आपणच खोदतात. खोड जुनं, डोळा दुसऱ्याचा, म्हणून कलम. काही आठवड्यांनी मांजराकाठ वैद्यकीय महाविद्यालयात तोंडी परीक्षा. कलम रुजलेलं दिसलं तर जागा कायम. नाही रुजलं तर जागा रांगेतल्या पुढच्या माणसाला, आणि तुम्ही घरी. दुसरी संधी नाही.

शिवलीलाबाई रसायनशास्त्रात बी.एस्सी. होत्या. त्या काळी डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण थोडक्यात हुकलं, मग लग्न झालं. लातुरात ज्यांचं मेडिकल हुकतं ते मेडिकलला जाणाऱ्यांना काहीतरी विकतात. कुणी नोट्स विकल्या, कुणी खोल्या भाड्याने दिल्या, शिवलीलाबाईंनी खानावळ काढली. वीसेक वर्षं शिकवणीची आणि मेडिकलच्या पहिल्या वर्षाची पोरं त्यांच्या पंगतीत वरण-भाकरी खाऊन डॉक्टर होत राहिली. मग शिकवण्या स्मार्ट चष्म्यात शिरल्या, पोरं आपापल्या गावात बसून शिकायला लागली, आणि खानावळीत महालिंगरावांनी मोटर वाइंडिंगचं सामान आणून ठेवलं. महालिंगराव म्हणजे शिवलीलाबाईंचे यजमान. जगातली कुठलीही अडचण तांब्याची तार नवी गुंडाळली की सुटते असं त्यांचं मत होतं. कलमाबद्दल कळल्यावर ते एवढंच म्हणाले, "म्हणजे रिवाइंडिंगच की."

अडचण शांभवीची होती. शांभवी त्यांची एकुलती एक मुलगी, त्याच महाविद्यालयात इंटर्न.

"दोन वर्षं घासली मी, आई," ती म्हणाली. "दोन वर्षं सण नाही, लग्न नाही, कुणाचं बारसं नाही. स्वप्नात बेंझीनची कडी यायची. आणि तू? तू झोपलीस."

"अगं, सरकारच देऊलालंय तर..."

"घोरतसुद्धा होतीस! बाबांनी रेकॉर्डिंग पाठवलंय मला."

महालिंगरावांनी बाजूच्या मोटरमध्ये डोकं घातलं.

"तुझ्या पोटात दुखूलालंय का, आई डॉक्टर झाली तर?"

"दुखत नाहीये. जळतंय," शांभवी म्हणाली. "दोन्ही वेगळं असतं. तुझ्या कलमात असेल बघ ते, कुठेतरी."

आणि बॅग उचलून ती हॉस्टेलला निघून गेली. जाताना दार आपटलं नाही. शिवलीलाबाईंना तेच जास्त लागलं.

त्यातून कलमात काहीच सापडेना. टोप्या चढवण्याचे दिवस संपले, सगळी उजळणी डोक्यात उतरली असं यंत्र सांगत होतं, आणि शिवलीलाबाईंना मांडीच्या हाडाचं नावसुद्धा येत नव्हतं. दिवसा चष्मा लावून स्वतः वाचलेलं थोडं आठवायचं, पण परीक्षा कलमाची होती, चष्म्याची नाही.

मग सोमवार आला. शिवलीलाबाईंचा सोमवारचा उपवास, अगदी कडक. संध्याकाळी त्या महालिंगरावांसाठी वरणाला फोडणी देत होत्या. तेल तापलं, मोहरी तडतडली, ठेचलेला लसूण पडला, आणि त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं, "ऑल्फॅक्टरी, ऑप्टिक, ऑक्युलोमोटर, ट्रॉक्लिअर..."

महालिंगराव भिंतीला टेकले. "काय झालं गं?"

"ट्रायजेमिनल! तीन फांद्या! कपाळ, वरचा जबडा, खालचा जबडा! अहो, हे मला येऊलालंय!"

मेंदूतून निघणाऱ्या बाराच्या बारा नसा त्यांनी झाऱ्याने हवेत काढून दाखवल्या. वरण करपलं. महालिंगरावांनी ते तसंच खाल्लं. रात्री बाईंनी उपवास सोडला, आणि नसा गेल्या. मंगळवारी नाही, बुधवारी नाही, लसणाची फोडणी चार वेळा दिली तरी नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा सगळं हजर.

"सोमवारी डॉक्टर," महालिंगराव म्हणाले, "मंगळवारपासून बायको. मला चालतंय."

कलमकेंद्रातला तंत्रज्ञ इम्रोज पठाण हे ऐकून खुर्चीत सरळ बसला. हसतमुख पोरगा, सगळ्या प्रौढ विद्यार्थिनींना मावशी म्हणायचा आणि सगळ्या प्रौढ विद्यार्थ्यांना घाबरायचा.

"मावशी, रोप उपटलं की मुळाला माती येते का नाही? तसंच असतं हे. नुसती नस येत नाही. ती शिकताना पंखा कसा वाजत होता, वास कसला होता, पोटात काय होतं, सगळं चिकटून येतं. बहुतेकांचं हळूहळू धुऊन जातं. तुमच्या मुळाला माती जरा जास्तच आहे."

"कसली माती?"

"भुकेची. भूक लागली की पोटातून एक रसायन निघतं, घ्रेलिन म्हणतात त्याला. ते रक्तातून थेट मेंदूत जातं, आणि आठवणी जिथे घडतात त्या भागाचं दारसुद्धा ते वाजवतं. तुमचा दाता अभ्यासाला बसायचा तेव्हा ते दार वाजतच असायचं. तेव्हा आता तुमचं पोट भरलं की कुलूप, रिकामं झालं की किल्ली. आणि वर लसणाचा वास."

"म्हणजे लेकरू उपाशीपोटी अभ्यास करायचं?" शिवलीलाबाईंचा जीव कळवळला. "कुठल्या कैदाशिणीच्या खानावळीत जेवायचं ते?"

याचं उत्तर त्यांना पुढच्या सोमवारी मिळालं.

फोडणी बसली, आणि या वेळी नसांच्या मागून खोलीही आली. हिरव्या ऑइलपेंटची भिंत. जमिनीवर पंगत, पंगतीचं शेवटचं पान. मांडीवर उघडं पुस्तक, पुस्तकावर तेलाचा डाग. समोर भाकरीचं टोपलं, टोपल्यात एकच भाकरी. आणि एक मनगट, त्यावर तव्याचा भाजलेला डाग, भाकरी घेऊन ताटावर आलेलं.

तो डाग शिवलीलाबाईंनी डोळे उघडून आपल्या मनगटावर बघितला. होता.

कैदाशीण त्याच होत्या.

पण खानावळीत भाकरी मोजून कधीच नव्हती! त्यांनी पुन्हा डोळे मिटले. मनगट पुढे आलं. "घे रे, लाजूलालास कामून?" हा त्यांचाच आवाज, बाहेरून ऐकू येणारा. आणि मग मुलाचा हात, किडकिडीत, शाई लागलेला, ताटावर आडवा. "बास मावशी. पोट भरलं." त्या हाताच्या आतून त्यांना जे जाणवलं ते भरलेलं पोट नव्हतं. पोटात नुसती आग पडली होती. मुलाची नजर टोपल्याकडे गेली, चुलीशी उभ्या बाईकडे गेली, आणि पुन्हा टोपल्याकडे आली. बाईने अजून खाल्लेलं नाही आणि भाकरी एकच आहे, हा हिशोब त्याने केला होता. मग तो दोन तांबे पाणी प्याला, खोलीवर जाऊन त्याने पुस्तक उघडलं, आणि गुरगुरणाऱ्या पोटाने मेंदूच्या बारा नसा पाठ केल्या. एकदा नव्हे. वर्षभर.

शिवलीलाबाईंना तो मुलगा आठवेना. आठवत होतं ते एवढंच की अशा काटकुळ्या पोरांना त्या टोमणे मारायच्या. 'आईच्या हातची सवय लागलीय साहेबांना, आमचं कुठलं गोड लागतंय!' मग उरलेली भाकरी शेंगाचटणीशी खाऊन ढाराढूर झोपायच्या.

महालिंगराव आत आले तेव्हा त्या ओट्याशी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

"काय झालं? विसरलीस परत?"

"नाही हो. मला वाटायचं, ही पोरं पुस्तकातून मान वर काढत नाहीत. वाढणारी बाई हाय का खांब हाय, त्यांना ठाऊक नसंल." नाक पुसून त्या म्हणाल्या, "बघायची हो. आणि तेव्हा बारीक होते मी, काय सांगू!"

दुसऱ्या दिवशी त्या इम्रोजकडे दात्याचं नाव मागायला गेल्या.

"नाही सांगता येत, मावशी. कायदा आहे."

"मी काय त्याला खाऊलालेय का? उलट खाऊ घालणार हाय."

"मागे एका बँक मॅनेजरांना नाव कळलं. दात्याच्या घरी गेले, बेल वाजवली आणि म्हणाले, माझा चष्मा राहिलाय. आत जाऊन कपाटामागून काढलासुद्धा. दात्याला तो तीन वर्षं सापडत नव्हता. पुढे दात्याची आईही त्यांनाच बाळ म्हणायला लागली." इम्रोजने हात जोडले. "तेव्हापासून कायदा."

मग शिवलीलाबाईंनी आपल्या पद्धतीने शोध घेतला. चाळिशीच्या आसपासचा दिसेल तो डॉक्टर त्या गाठायच्या. दाताच्या डॉक्टरालाही सोडलं नाही. "साहेब, शिकायला लातुरात होतात का? खानावळीत शेवटची भाकरी सोडायचात का?" सगळे खूश होऊन सांगायचे, "छे! मावशी, मी तर मागून मागून खायचो!" एकाने तर पोटावरून हात फिरवून पुरावाही दाखवला. शेवटची भाकरी सोडलेला डॉक्टर लातूर जिल्ह्यात नव्हता, किंवा असलाच तर तो आताही तेच म्हणत होता.

परीक्षा गुरुवारी होती. शिवलीलाबाईंनी बुधवारी दुपारपासून उपवास धरला. गुरुवारी सकाळी आंघोळ करून त्या बाहेर आल्या तेव्हा डोक्यात सगळी हाडं, सगळ्या नसा, सगळे स्नायू शिस्तीत उभे होते, आणि स्वयंपाकघरात शांभवी उभी होती.

कपाळाला पीठ होतं. पीठ कशाला लागलं असेल कुणास ठाऊक, कारण केली होती सुशीला. चुरमुऱ्यांच्या सुशीलेला पीठ लागत नाही. मोठं ताट भरून. बाजूला वाटीत दही-साखर. मुलीने आयुष्यात पहिल्यांदा सैपाक केला होता.

"परीक्षेला उपाशी जायचं नसतं," शांभवी आईकडे न बघता म्हणाली. "तूच म्हणायचीस. दोन्ही वर्षं माझ्या हातावर दही-साखर ठेवलीस. पहिल्यांदा नापास झाले तरी दुसऱ्यांदा ठेवलीस." मग जरा थांबून, "ते घोरण्याबद्दल सॉरी. मीठ कमी असेल."

महालिंगराव मागून जोरजोरात खुणा करत होते, नको, नको. त्यांना सगळं ठाऊक होतं. शांभवीला काहीच नव्हतं.

'पोट भरलंय' असं म्हणता आलं असतं. दोनच शब्द. त्या किडकिडीत पोराला वर्षभर जमले होते. शिवलीलाबाईंनी मुलीच्या कपाळावरचं पीठ पाहिलं, आणि त्यांना जमले नाहीत. त्यांनी हात पुढे केला, दही-साखर चाटली, खाली बसल्या, आणि ताटभर सुशीला शेवटच्या चुरमुऱ्यापर्यंत खाल्ली.

"आणखी वाढू?" शांभवीने विचारलं.

"वाढ," आई म्हणाली. तोपर्यंत सगळे स्नायू घरी गेले होते.

परीक्षकांच्या मध्यभागी डॉ. वैजयंती बोरगावकर होत्या. शरीररचनाशास्त्राच्या प्रमुख, त्यांच्यापुढे सांगाडासुद्धा ताठ उभा राहतो असं विद्यार्थी म्हणायचे.

"दहावी नस सांगा."

शिवलीलाबाईंनी आत पाहिलं. आत चुरमुरे होते.

"येत नाही का?"

"येतंय, मॅडम. पण आत्ता नाही. मला थोडा वेळ मिळंल का?"

"किती?"

"भूक लागेपर्यंत."

डाव्या परीक्षकाने चष्मा काढला. उजव्याने लावला. शिवलीलाबाईंनी सगळं सांगितलं: माती, लसूण, दही-साखर. सुशीलेत मीठ कमी होतं हेही, सवयीने. बोरगावकरबाईंनी नियमावली मागवली. शारीरिक कारणास्तव उमेदवाराला त्याच दिवशी वेळ वाढवून देता येत होता. भूक हे शारीरिक कारण म्हणून धरलेलं होतं. भूक न लागणं हे कारण आहे की नाही, याचा विचार नियम करणाऱ्याला सुचला नव्हता, कारण तो जेवून बसला असणार.

"उमेदवार एकच राहिली आहे," बोरगावकरबाई म्हणाल्या, "आणि समिती अर्ध्यात उठू शकत नाही. नियम सात. बसा."

दुपार झाली. जेवणाची वेळ आली आणि गेली. शिवलीलाबाई जिन्याच्या पायऱ्या चढत-उतरत होत्या. शिपाई दर फेरीला विचारायचा, "लागली का?" त्या मान हलवायच्या. शांभवी धावत आली. महालिंगरावांनी तिला फोनवर सगळं सांगितलं होतं.

"अगं, सांगायचंस ना! कळत कसं नाही तुला? मेलेच मी! पहिल्यांदा सैपाक केला आणि आईची जागा घालवली!"

"चांगली झाली होती."

"आई!"

"खरंच. पोटाला धरून राहिलीय बघ, अजून उतरूलाली नाही."

शांभवी रडता रडता हसली, आणि मग आईबरोबर जिना चढायला लागली. वर, खाली, वर. तिसऱ्या मजल्यावर दम लागल्यावर तिने विचारलं, "तो मुलगा रोज असा बसायचा? रिकाम्या पोटी?"

"माझ्यापायी."

"मला वाटत होतं तुला फुकट मिळालं," शांभवी म्हणाली. "आधीच कुणीतरी घासली होती होय."

उन्हं कलली तेव्हा शिवलीलाबाईंच्या पोटात कावळ्याने पहिली चोच मारली. त्या जवळजवळ पळत आत गेल्या. भूक होती, वास नव्हता; परीक्षेच्या खोलीत फोडणी कोण देणार? त्यांनी खुर्चीत बसून डोळे मिटले आणि तोंडानेच द्यायला घेतली.

"कढईत तेल घेतलं. तापलं. मोहरी टाकली, तडतडली. जिरं. हिंग. आता लसूण, सोललेला नाही, ठेचलेला. कडा तांबूस होऊ द्यायच्या, मॅडम, घाई करायची नाही. आता लाल मिरची. आणि हे वरण वरून ओतलं, चर्रर्र..."

समितीने सकाळपासून चहाखेरीज काही घेतलं नव्हतं. उजवे परीक्षक खुर्चीत पुढे सरकले. बोरगावकरबाईंनी आवंढा गिळला, तो सगळ्यांना ऐकू आला.

"दहावी," शिवलीलाबाई म्हणाल्या. डोळे मिटलेलेच. "व्हेगस. म्हणजे भटकी. डोक्यातून निघते, कवटीच्या भोकातून गळ्यात उतरते. आवाजाला हात लावते, काळजाला हात लावते, त्याला म्हणते हळू. तिथून अन्ननलिकेच्या संगतीने पडदा ओलांडते आणि पोटात जाते. आणि मॅडम, ती जेवढं वरून खाली सांगते ना, त्याहून कितीतरी जास्त खालून वर सांगते. पोटाची खबर डोक्याला देते. पोट खरंच भरलंय का, हे तिला पक्कं ठाऊक असतं. माणूस तोंडाने काहीही म्हणू दे."

त्या थांबेनात. अकरावी झाली, बारावी झाली, मग हात, मग पाय. मध्येच त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि त्या ते पुसत पुढचा स्नायू सांगायच्या. कुणी अडवलं नाही.

"पुरे," शेवटी बोरगावकरबाई म्हणाल्या. "रुजलंय. पास." खुर्ची मागे सारत त्यांनी हळूच विचारलं, "लसूण ठेचलेलाच ना?" आणि उत्तराला न थांबता त्या निघाल्या.

पहिलं वर्ष सुरू झालं. शांभवी वॉर्डात भेटली की शिवलीलाबाईंना तिला मॅडम म्हणावं लागतं. त्या म्हणतात, आणि वर डबा देतात. इम्रोज सांगतो की माती हळूहळू धुऊन जाईल, मग भरल्या पोटीही सगळं आठवेल. शिवलीलाबाई म्हणतात, एवढ्यात नको.

मात्र संचालनालयाकडे त्यांनी रीतसर अर्ज केला आहे. तो असा:

'विषय: दात्यास जेवावयास बोलावणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, माझ्या स्मृतिकलमाच्या दात्याने विद्यार्थिदशेत वेळोवेळी पोट भरले असल्याचे खोटे निवेदन करून स्वतःच्या हक्काची भाकरी माझ्यासाठी सोडली. त्या भाकरीवर मी जगले व त्या भुकेवर मी शिकत आहे. तरी दात्याचे नाव मला कळविण्यात यावे. नाव देणे नियमात बसत नसल्यास राज्यातील चाळिशीच्या आसपासच्या सर्व डॉक्टरांना शासनाने एक दिवस उपाशी ठेवून, आपल्या स्तरावरून, माझ्या घरी पंगतीस पाठवावे. वाढायला मी स्वतः आहे. टोपल्यात शेवटची भाकरी उरेल तेव्हा जो ताटावर हात आडवा धरेल, तो मी ठेवून घेईन. बाकीचे परत पाठविण्यात येतील. पाठविताना सर्वांना जेवू घातले जाईल, याची शासनाने खात्री बाळगावी.

आपली विश्वासू,
शिवलीला महालिंग औरादे
प्रथम वर्ष, एमबीबीएस'